सुदामा नगर, इंदूर : बोरिंग अर्ध्या तासात हवा ओढतं. 600 फुटांपर्यंत खोल करावं का?

अनघा_सुदामानगर

नमस्कार मंडळी. आमच्या घरात आम्ही पाच जण, वरच्या मजल्यावर भाडेकरूंचं चौघांचं कुटुंब. नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात आणि प्रेशर अगदीच बेताचं असतं, त्यामुळे सगळी मदार बोरिंगवर. सासऱ्यांनी घर बांधताना घेतलेलं हे बोरिंग आहे. साडेसहा इंची, 320 फूट. दीड एचपीची सबमर्सिबल 280 फुटांवर सोडलेली आहे. पूर्वी गच्चीवरची 2000 लिटरची टाकी एका दमात भरायची. या मे महिन्यात अर्धा तास व्हायच्या आत पाइपातून फसफस हवा येते आणि टाकी अर्ध्याच्या थोडी वर जाऊन थांबते. दुपारी पुन्हा मोटर लावली तर फारच थोडं पाणी मिळतं.

बोरिंगच्या गाडीवाले दोघे येऊन पाहून गेले. दोघंही म्हणाले, 600 पर्यंत जा, खाली भरपूर पाणी आहे. खर्च मोठा आहे, आणि एवढं करून कोरडं निघालं तर काय, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. सासूबाईंचं मत आहे की आधी पाणाड्याला बोलवावं. जुन्या बोरिंगचं पाणी कुणी खरोखर वाढवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

स्कीम54

ताई, खोल करून टाका. आमच्या मागच्या गल्लीत एकाला 550 फुटांवर लागलं. आता 300 फुटांत कोणाला पाणी मिळतं?

मोटर_मेकॅनिक

अनघाताई, गाडी बोलवायच्या आधी तीन-चार आकडे काढा. मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी पाणी किती फुटांवर आहे? मोटर लावल्यावर सुरुवातीला 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते, आणि हवा ओढायच्या जरा आधी किती सेकंदांत? मोटर बंद केल्यावर एका तासात पाणी किती फूट वर येतं? केसिंग, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून बोरिंगमध्ये घातलेला पाइप, किती फूट आहे?

पातळी मोजायची सोपी पद्धत सांगतो. दोन पदरी वायरची टोकं सोलून थोडी लांब ठेवायची, खाली गुळगुळीत वजन बांधायचं, वर मल्टिमीटर जोडायचा. टोकं पाण्याला लागली की काटा हलतो. वायरवर दर 10 फुटांना टेपची खूण करून ठेवा. बोरकॅपला छोटं भोक असेल तर तिथून सोडा, मात्र सावकाश, नाहीतर कॉलम पाइपाला (मोटरचं पाणी वर आणणाऱ्या पाइपाला) गुंडाळते.

आणखी एक. पाणी कमी येणं आणि बोरिंगमध्ये पाणी कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंपाचे इंपेलर (आतली फिरती पाती) झिजले, कॉलम पाइपाचा जॉइंट गळायला लागला किंवा वरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (चढलेलं पाणी परत खाली न सोडणारा) बिघडला, तरी टाकी भरत नाही. मात्र तुमची मोटर हवा ओढते म्हणता, म्हणजे पाणी पंपापर्यंत खाली जातंय हे नक्की. तेव्हा पंपापेक्षा बोरिंगकडे आधी बघावं लागेल.

भूजल_निवृत्त

अनघाताई, माझी नोकरी राज्याच्या भूजलाच्या कामात गेली, माळव्यात बरीच बोरिंगं पाहिली. म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्याचाच हा कातळ. पुण्या-नाशिककडे जो काळा पाषाण दिसतो त्याच कुळातला. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग कडक खडक. या खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते असतं मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. बऱ्याच सांध्यांत लाल मातीचा पट्टा सापडतो. ती माती चिकट असते, पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून वरून मुरलेलं पाणी त्या पट्ट्याच्या माथ्यावरून आडवं सरकत राहतं. आपलं बोरिंग त्याला छेदून गेलं की तिथून झरा लागतो.

आता 600 फुटांचं बघू. खाली जावं तसं वरच्या खडकाचं ओझं वाढतं, भेगा आवळत जातात आणि हवापाण्यानं झिजलेला भाग संपतो. खाली पाणी लागतच नाही असं नाही. एखादा उघडा सांधा 500 फुटांवरही मिळतो. पण तो मिळेलच असं म्हणायला आधार लागतो, आणि शेजारच्या गल्लीत मिळालं हा आधार होत नाही. बेसाल्टमध्ये 100 फूट बाजूला सरकलं तरी भेग नसते. वाळूच्या प्रदेशात जितकं खोल तितकं पाणी हे पुष्कळदा खरं ठरतं, आपल्याकडे ते तसंच्या तसं लागू होत नाही.

आणखी एक धोका सांगून ठेवतो. जुनं बोरिंग खोल करताना लाल पट्टा ढासळतो. मग गाडीवाला तिथपर्यंत केसिंग टाकतो, आणि ज्या झऱ्यावर घर इतकी वर्षं चाललं तोच केसिंगच्या मागे बंद होतो. खाली नवीन पाणी नाही आणि वरचं जुनं गेलं, अशी घरं मी पाहिली आहेत.

म्हणून मेकॅनिकभाऊ म्हणतात ते आकडे आधी काढा. शिवाय एक करा. रात्री मोटर बंद झाल्यावर बोरकॅप काढून कान लावा. पाणी पडल्याचा आवाज येतो का? आला तर किती वेळ येतो?

स्कीम54

काका, मी ऐकीव लिहिलं नव्हतं, ते घर माझ्या पाहण्यातलं आहे. पण त्यांनी आधी काही मोजलं नव्हतं हे खरं.

जुनी_इंदूर

अनघाताई, खोल करायचंच ठरलं तर परवानगीचं आधी बघा. मध्यप्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम 1986 आहे. उन्हाळ्यात कलेक्टर जिल्हा जलअभावग्रस्त जाहीर करतात आणि खासगी बोरिंगवर बंदी येते. मग एसडीएमची (उपविभागीय अधिकाऱ्याची) परवानगी लागते. "जुनंच खोल करतोय, त्याला काय लागतं" असं गाडीवाला सांगेल. तुम्ही स्वतः विचारून घ्या, नाव घरमालकाचं अडकतं.

अनघा_सुदामानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडे काढले.

सकाळी पाणी 95 फुटांवर. सुरुवातीला बादली 20 सेकंदांत भरली, हवा ओढायच्या आधी 34 सेकंद लागले. मोटर 27 मिनिटं चालली. बंद केल्यावर पहिल्या तासात पाणी 25 फूट वर आलं, दुसऱ्या तासातही जवळजवळ तितकंच. केसिंग 60 फूट, असं सासऱ्यांच्या डायरीत लिहिलेलं सापडलं.

आणि काका, आवाज येतो. आधी खळखळ येत होती, ती थोड्या वेळानं थांबली. नंतर कान अगदी केसिंगच्या काठाला टेकवला तेव्हा खोलवर बारीक धार पडल्यासारखा आवाज ऐकू आला, सतत. मध्यरात्री उठून पुन्हा ऐकला, तेव्हाही चालूच होता. इतकी वर्षं या बोरिंगचं पाणी वापरतोय, पण आत झरा वाहतोय हे पहिल्यांदा कानांनी ऐकलं. सासूबाईंनाही उठवून ऐकवलं.

भूजल_निवृत्त

अनघाताई, फार चांगलं काम केलंत. आधीची खळखळ म्हणजे कॉलम पाइपातलं पाणी परत उतरत होतं. म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही, तो बदलून घ्या. नंतरची सततची धार हा तुमचा झरा.

आता हिशेब. साडेसहा इंची बोरिंगच्या एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. 95 पासून 280 पर्यंत 185 फूट, म्हणजे 1200 लिटर. तुमची मोटर 27 मिनिटांत जे पाणी वर टाकते ते जवळजवळ सगळं हे साठलेलं पाणी आहे. त्या वेळात झऱ्यातून आलेलं पाणी त्यात फार थोडं.

झऱ्याचा वेग बघा. तासाला 25 फूट म्हणजे सुमारे 160 लिटर, मिनिटाला पावणेतीन लिटरच्या आसपास. फार लहान धार आहे. पण ती रात्रंदिवस चालते. 24 तासांत 3800 लिटर होतात. शहरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी मान धरलं तर तुमच्या नऊ माणसांना 1215 लिटर लागतात. हे मे महिन्यातलं मोजमाप आहे, म्हणजे वर्षातली सगळ्यात वाईट स्थिती.

पाणी कमी नाही, ताई. तुम्ही ते एकदम मागताय आणि झरा ते हळूहळू देतोय. शिवाय सकाळी बोरिंग 95 फुटांपर्यंत भरून उभं राहतं तेव्हा झऱ्यावर पाण्याचा दाब येतो आणि आवक मंदावते. पातळी झऱ्याच्या खाली राहिली तर धार मोकळी पडत राहते. दिवसातून एकदा पूर्ण उपसण्याऐवजी थोडं थोडं, बऱ्याचदा उपसलं तर याच बोरिंगमधून जास्त पाणी निघेल.

मोटर_मेकॅनिक

काकांच्या हिशेबावर माझं काम सांगतो. पॅनेलमध्ये टायमर बसवा. दर दोन तासांनी सात मिनिटं मोटर चालवली की दर खेपेला 300 लिटरच्या घरात मिळतील. दिवसाला साडेतीन हजार. ड्राय रन प्रोटेक्शन हवंच. पाणी संपलं की मोटरचा अँपिअर खाली येतो, ते ओळखून रिले मोटर बंद करतो. सबमर्सिबल पाण्यानंच थंड राहते. कोरडी चालली की वाइंडिंग जळतं, सील जातं. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मोटरी अशाच जळलेल्या असतात.

नर्मदेचा हौद असेल तर बोरिंगचं पाणी आधी त्यात घ्या आणि तिथून छोट्या पंपानं वर चढवा. हौदात पडताना बोरिंगच्या मोटरला गच्चीची उंची चढावी लागत नाही. पुढे मोटर बदलायची वेळ आली तर पंप कमी लिटरचा घ्या. दुकानदार दोन एचपी गळ्यात मारायला बघेल. बारीक झऱ्यावर मोठी मोटर म्हणजे लवकर हवा आणि लवकर जळणं.

अनघा_सुदामानगर

हिशेब वाचून घरात सगळे गप्पच झाले. टायमर आणि ड्राय रन या आठवड्यात बसवतोय. मोटर वर काढणारच आहोत तर फ्लशिंगही (हवेच्या जोरानं आतला गाळ काढणं) करून घ्यावं का?

भूजल_निवृत्त

घ्या, पण आधी कॅमेरा सोडून आत बघा. बोरिंगमध्ये कॅमेरा सोडणारे लोक आता इंदुरात सहज मिळतात. झरा नेमका किती फुटांवर आहे, केसिंगला तडा गेलाय का, बाजूच्या झाडाची मुळं आत शिरलीत का, हे सगळं दिसतं. फ्लशिंगला कॉम्प्रेसरची हवा जोरात जाते. जुनं प्लॅस्टिकचं केसिंग तडकलेलं असेल तर ते तिथे तुटायची भीती असते.

लोकमान्यनगर_विहीर

मध्येच विचारते, राग मानू नका. आमच्याकडे बोरिंग नाही, जुनी दगडी विहीर आहे, साधारण 40 फुटी. पूर्वी सगळी आळी पाणी भरायची. चार-पाच वर्षांपूर्वी आतून स्वच्छ दिसावी म्हणून सिमेंटचा गिलावा करून घेतला, तेव्हापासून पावसाळ्यातही पूर्वीसारखी भरत नाही. तळाला गाळ आहे तो वेगळाच. तिचं काही करता येईल का?

भूजल_निवृत्त

ताई, गिलाव्यानंच आवक अडवली असणार. जुन्या विहिरींची बांधणी कोरड्या दगडांची असायची ती मुद्दाम. मुरमातलं पाणी त्या फटींतून आत झिरपायचं. वरचे सात-आठ फूट पक्के ठेवा म्हणजे रस्त्याचं घाण पाणी आत येणार नाही. त्याखालचा गिलावा खरवडून फटी मोकळ्या करा किंवा ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून घ्या. पावसाळ्यानंतर भिंतीवर ओलीचे डाग कुठे आहेत ते पाहून ठेवलंत तर भोकं तिथेच पाडता येतील.

गाळ मे अखेरीस काढा, पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा. तळाशी कातळ लागला की मुरूम आणि कातळ यांच्या सांध्यात आडवे बोअर मारता येतात. विहिरीत उतरवायचं लहान यंत्र असतं, ते भिंतीतून आडवं भोक पाडत जातं. दोन-तीन दिशांना मारले की एखादा तरी ओला सांधा गाठतो. फक्त ते शेजाऱ्याच्या जमिनीखालून जातात, तेव्हा आधी त्यांच्याशी बोला.

आणि हे फार महत्त्वाचं. जुन्या विहिरीत माणूस उतरवण्याआधी आत हवा खेळवा. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साठलेला असू शकतो. माणसाला काही कळायच्या आत भोवळ येते, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. डिझेल इंजिनाचा पंप विहिरीत उतरवून कधीही चालवू नका. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा, आणि दोर धरायला वर दोन माणसं.

जुनी_इंदूर

लोकमान्यनगर ताई, विहिरीवर जाळी बसवा, भक्कम लोखंडी. फरशी घालून ती जमीन म्हणून वापरू नका. 30 मार्च 2023 ला रामनवमीच्या दिवशी आपल्या पटेल नगरात मंदिरात बावडीवरची (जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवरची) फरशी खचली आणि 36 जणांचा जीव गेला. त्यातल्या कितीतरी जणांना आपण बावडीवर बसलोय याची कल्पनाही नव्हती. विहीर दिसत राहिली पाहिजे. दिसली की लोक जपून वावरतात, आणि तिच्यात कचराही टाकत नाहीत.

लोकमान्यनगर_विहीर

अगदी खरं. त्या दिवसाची आठवण झाली की अजूनही जीव कासावीस होतो. जाळी आहेच, तरी तिचे कोपरे तपासून घेते.

अनघा_सुदामानगर

कॅमेऱ्याचं काम झालं, सांगते.

मोटर काढली तेव्हा तळाला टेकवलेलं वजन 298 फुटांवरच थांबलं. म्हणजे 22 फूट गाळ. कॅमेरा खाली जाऊ लागला तेव्हा स्क्रीनपाशी आम्ही सगळेच दाटीवाटीनं उभे. केसिंग धड आहे. त्याच्याखाली करडा खडक, मध्येमध्ये पांढरे ठिपके. 128 फुटांवर खडकाचा रंग एकदम बदलला, विटकरी लाल पट्टा आला. त्याच्या बरोब्बर वरच्या कडेतून एका बाजूनं पाणी पाझरत होतं आणि भिंतीवरून ओघळत खाली जात होतं. त्या जागेभोवती तपकिरी, बुळबुळीत थर चढलेला, बोटभर तरी जाड. पाणी त्याच्याआडून वाट काढत येतंय असं स्पष्ट दिसत होतं. पट्ट्याच्या खाली तळापर्यंत काळाभोर सलग खडक. एकही भेग नाही, एकही ओला डाग नाही.

कॅमेरावाला मुलगा तरुण होता. तो स्वतःच म्हणाला, "आंटी, नीचे तो कुछ है ही नहीं, खोल कशाला करता?" अर्धं हिंदी, अर्धं मराठी. सासूबाईंनी त्याला आग्रहानं पोहे खाऊ घातले.

भूजल_निवृत्त

म्हणजे 128 च्या खालचं तुमचं बोरिंग ही नुसती टाकी आहे, आणि टाकी म्हणून ती उत्तम आहे. 600 चा विषय आता मनातून काढा.

तो तपकिरी थर लोह खाणाऱ्या जिवाणूंचा दिसतो. झऱ्याचं तोंड तो हळूहळू बुजवतो. आधी लांब दांड्याला गोल ब्रश लावून तेवढा भाग घासून घ्या, मग फ्लशिंग करून गाळ काढा. त्यानंतर क्लोरिन द्या. तुमच्या बोरिंगमध्ये भरल्यावर 1300-1400 लिटर पाणी असतं. ताजी ब्लीचिंग पावडर साधारण 200 ग्रॅम पुरे. ती प्लॅस्टिकच्या बादलीत कालवायची, चोथा खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी बोरिंगमध्ये ओतायचं. पातळी वर आलेली असेल तेव्हाच ओता म्हणजे झऱ्याच्या तोंडापर्यंत पोचेल. रात्रभर राहू द्या. सकाळी वास जाईपर्यंत उपसून गटारात सोडा, झाडांना घालू नका. पावडर मिसळताना खिडक्या उघड्या, हातात मोजे, आणि कुठलंही ॲसिड जवळपास नको.

स्कीम54

काका, हायड्रोफ्रॅक्चरिंगबद्दल पण सांगा ना. यूट्यूबवर फार दाखवतात.

भूजल_निवृत्त

चांगली पद्धत आहे, सरकारी हातपंपांच्या बोरिंगवर पुष्कळ वापरली गेली. बोरिंगमध्ये रबरी पॅकर फुगवून ठरावीक भाग बंद करतात आणि त्याच्याखाली फार मोठ्या दाबानं स्वच्छ पाणी कोंबतात. अरुंद किंवा गाळानं बुजलेल्या भेगा उघडतात आणि लांबच्या भेगांशी जोडल्या जातात. मात्र मुळात भेग हवी. अनघाताईंच्या 128 खालच्या सलग कातळात उपयोग होण्याची शक्यता कमी. पॅकर केसिंगच्या बराच खाली, घट्ट खडकातच बसवावा लागतो. केसिंगजवळ दाब दिला तर वरचं घाण पाणी आत येण्याची वाट मोकळी होते. आधी ब्रश आणि फ्लशिंग. त्यातून भागलं नाही तर मग याचा विचार.

आणि कुणी बोरिंगमध्ये सुरुंग लावून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. वस्तीत ते कधीच करू नये.

अनघा_सुदामानगर

ब्रश, फ्लशिंग, क्लोरिन, नवीन व्हॉल्व्ह, टायमर सगळं झालं. फ्लशिंगच्या वेळी आधी काळं, मग विटकरी, मग दुधासारखं पाणी उडत होतं, गल्लीभर ओघळ गेले. दोन तासांनी निवळ आलं. चार दिवसांनी पुन्हा मोजलं. तासाला 25 फुटांच्या जागी 41 फूट भरतंय. टायमरवर रोज पाणी उरतं. मागवावा लागणारा टँकर बंद केला.

सासूबाईंच्या मनासाठी पाणाड्यालाही बोलावलं होतं. त्यांनी अंगणात नारळ धरून जागा दाखवली. वयस्कर, सज्जन माणूस आहे, आम्ही चहापाणी केलं. पण कॅमेऱ्यानं दाखवल्यावर आता सासूबाईच म्हणतात, आहे तो झरा सांभाळू.

आता पावसाळा तोंडावर आहे. गच्चीचं पाणी थेट बोरिंगमध्ये सोडलं तर?

देवासकर

देवासचा अनुभव सांगतो. आमच्या गावाला 1990 मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेही तुमच्या इंदुराहून. त्यातूनच पुढे 1999 मध्ये तिथल्या प्रशासनानं छताचं पाणी जिरवण्याची मोहीम घेतली आणि "देवास फिल्टर" सगळीकडे गेला. 140 मिलिमीटरचा, सव्वा मीटरच्या आसपास लांब पीव्हीसी पाइप, आत गोट्यांचे तीन कप्पे: 2 ते 6, मग 6 ते 12, मग 12 ते 20 मिलिमीटर. शेवटी जाळी. कोणताही प्लंबर बसवून देतो. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढायला बाजूला झाकण ठेवावं लागतं. गच्चीवरची धूळ, कबुतरांची घाण, सगळं त्यातच येतं.

भूजल_निवृत्त

फिल्टर चांगला आहे, पण अनघाताईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघावी लागेल. जो झरा मिनिटाला चार-पाच लिटर देतो, तो आत घेतानाही त्याच सुमारानं घेणार. तुमची गच्ची 140 चौरस मीटर धरू. तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस पडला तर नासाडी वजा जाता 2800 लिटर येतात. बोरिंग काठोकाठ भरून बाहेर वाहू लागेल. म्हणून पाणी आधी हौदात किंवा वेगळ्या टाकीत घ्या, गाळ बसू द्या, मग बारीक धारेनं बोरिंगमध्ये सोडा. जास्तीचं पाणी अंगणातल्या शोषखड्ड्यात जाऊ दे. खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्या, काळ्या मातीत पाणी उभंच राहतं. सेप्टिक टँकपासून मात्र जितकं लांब नेता येईल तितकं न्या.

इंदूरला वर्षाला 950 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तुमच्या एका गच्चीवरून एक लाख लिटरच्या वर पाणी जातं. आज ते गटारातून कान्ह नदीला मिळतं, आणि आपण नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, घाट चढवून नर्मदेचं पाणी मागवतो.

स्कीम54

पण काका, आपण जिरवलेलं पाणी शेजाऱ्याच्याच बोरिंगमध्ये गेलं तर?

भूजल_निवृत्त

जाईल. त्याचंही तुमच्याकडे येईल. त्या लाल पट्ट्यावरून पाणी सरकतं ते कंपाउंडच्या भिंती बघून नाही. अनघाताई, एक दिवस शेजारची मोटर चालू असताना तुमची पातळी मोजा. ती खाली उतरली तर दोघांचा झरा एकच समजायचा. मग गल्लीतल्या सहा-सात घरांनी मिळून काम करा, कॉम्प्रेसर आणि फिल्टर एकदम घेतले तर स्वस्तही पडतील. आपल्या शहरात बिलावली, पिपल्यापाला, सिरपूर असे तलाव आहेत, पाणी अडलं की आसपासच्या विहिरीही जगतात. तलाव आपल्या हातात नाही, गच्ची आहे.

अनघा_सुदामानगर

मोजलं. डाव्या हाताच्या शेजाऱ्यांची मोटर लागली की आमची पातळी तीन फूट उतरते. उजव्या बाजूच्यांची लागली तर काहीच फरक पडत नाही. डावीकडच्या काकांना वायर आणि मल्टिमीटर घेऊनच दाखवलं. ते म्हणाले, आमचीही गच्ची जोडा. रविवारी गल्लीची बैठक आहे, पाच घरं तयार आहेत.

वैशालीनगर_नवीन

सगळा धागा आजच वाचून काढला. आमचं बोरिंग 400 फूट, केसिंग 40, पाणी 18-20 मिनिटं येतं. गाडीवाल्याला उद्या बोलावलंय. थांबवू का?

मोटर_मेकॅनिक

थांबवा. आज रात्री मोटर बंद, उद्या सकाळी पातळी. मग बादली, मग एका तासाची भरती. मोटर किती एचपीची आणि किती फुटांवर आहे तेही लिहा. आकडे आले की पुढचं बोलू.

अनघा_सुदामानगर

आणि रात्री कॅप काढून कान लावा. काम झालं की कॅप लगेच घट्ट लावा, आसपास लहान मुलं असतात. आमच्याकडे फ्लशिंगनंतर पाण्याचा नमुना तपासायला दिला होता. पहिल्या वेळी त्यात जिवाणू निघाले, क्लोरिन पुन्हा दिल्यावर दुसरा नमुना स्वच्छ आला. तोपर्यंत प्यायला नर्मदेचंच पाणी उकळून वापरलं. तुम्हीही तपासल्याशिवाय पिऊ नका. वायर आणि मल्टिमीटर हवा असेल तर आमच्याकडचा घेऊन जा, सुदामा नगर तुम्हाला लांब नाही.